आईसाठी लावलेली बाल्कनीची बोली

परवा एका मैत्रिणीचा फोन आला, क्रूझवाल्यांची ती अपग्रेडची मेल आलीये, बोली किती लावू गं, आणि मी तिच्याशी पाऊण तास बोलत बसले. (बुक केलेल्या केबिनपेक्षा चांगली हवी असेल तर वर किती पैसे द्याल ते सांगा, म्हणजे बोली लावा, असं त्या मेलमध्ये असतं.) मग वाटलं लिहूनच काढावं, कारण आईबाबा आले होते तेव्हा मी हे सगळं केलंय आणि त्यातली एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर आईची पहिली रात्र तशी गेली नसती.

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो, बेयॉनचं केप लिबर्टी बंदर इथून अर्ध्या-पाऊण तासावर. आईबाबा दहिवडीहून सहा महिन्यांसाठी आलेले, दोघांनी जन्मात कधी बोटीत पाय ठेवला नव्हता, तर ऑक्टोबरमधली बर्म्युडाची ५ रात्रींची क्रूझ बुक केली. दोन केबिन, दोन्ही आतल्या म्हणजे बिनखिडकीच्या, समोरासमोर, ८व्या डेकवर, म्हणजे मजल्यावर, बोटीच्या बरोबर मधोमध. ती जागा मी डेकचा नकाशा उघडून तासभर बघून निवडली होती, कारण आईला पुणे-सातारा रस्त्यावरच्या खंबाटकीच्या घाटात हमखास गाडी लागते, म्हणजे बोट लागणारच हे मला माहीत होतं. बोट पुढेमागे डोलते तेव्हा मधला भाग सगळ्यात कमी हलतो, टोकं जास्त हलतात, आणि जितकं वरच्या डेकवर तितकं ते जास्त जाणवतं. बाल्कनीची केबिन तेव्हा माणशी ३४० डॉलर महाग होती, दोन्ही केबिन मिळून परवडण्यासारखं नव्हतं म्हणून सोडून दिलं, पण मनात राहिलंच होतं की आईबाबांना निदान समुद्र दिसायला हवा होता.

आणि मग ती मेल आली. फोनवर उघडलं तर बाल्कनीच्या फोटोखाली एक पट्टी, बोटाने सरकवायची, आणि बाजूला काट्यासारखं काहीतरी जे लालवरून पिवळ्यावर, पिवळ्यावरून हिरव्यावर जातं, कमीत कमी ११० डॉलर. मी १३० वर नेलं, काटा पिवळ्याच्या शेवटाला गेला. आई शेजारी बसून पालक निवडत होती, तिने विचारलं काय करतेस, म्हटलं तुमच्यासाठी समुद्राकडची खोली मागतेय, मिळाली तर मिळाली. ती म्हणाली, "अगं कशाला, झोपायलाच तर जायचंय." पण तिने पालक बाजूला ठेवून फोटो बघितला, आणि तेवढं मला पुरलं.

ही पद्धत आता बहुतेक मोठ्या कंपन्यांकडे आहे. रॉयल कॅरिबियन त्याला रॉयलअप म्हणते, सेलिब्रिटी मूव्हअप, नॉर्वेजियनचं अपग्रेड ॲडव्हांटेज. विमान कंपन्यांकडे बिझनेस क्लाससाठी हे आधीपासून होतं, आणि माँट्रियलची प्लसग्रेड नावाची कंपनी अशा बऱ्याच जणांसाठी ही बोलीची यंत्रणा चालवते. हिशोब सरळ आहे, बोट सुटली की रिकाम्या बाल्कनीची किंमत शून्य, आणि शेवटच्या आठवड्यात उघडपणे भाव पाडला तर ज्यांनी आधी पूर्ण पैसे भरले ते चिडतात. त्यापेक्षा आत बसलेल्यालाच थोडे पैसे घेऊन वर न्यायचं, आणि त्याची सुटलेली स्वस्त केबिन ऐनवेळी येणाऱ्याला विकायची.

आता पैशाचं, कारण इथेच लोक फसतात. पट्टीवर दिसतो तो आकडा माणशी असतो आणि केबिनमध्ये दोन माणसं धरून असतो. म्हणजे माझे १३० म्हणजे खरे २६०. एकटा माणूस जात असेल तरी रॉयलअपमध्ये त्याला दोघांचे द्यावे लागतात, उलट तिसरा-चौथा माणूस असेल तर त्याचे वेगळे लागत नाहीत. बोली मंजूर झाली की कार्डावरून पैसे लगेच जातात, परत मिळत नाहीत, आणि मला जुनीच केबिन द्या असं म्हणता येत नाही. मंजूर होईपर्यंत मात्र बोली बदलता येते, मागेही घेता येते, मैत्रिणीला हे माहीतच नव्हतं. आणि काटा हिरव्यावर गेला म्हणजे मिळालीच असं काही नाही. लॉयल्टीचे पॉइंट जमवणाऱ्यांनी हेही बघा की ते मूळ केबिनप्रमाणेच धरले जातात का. स्वीटसाठी बोली लावत असाल तर रोजची टिप स्वीटला जास्त असते, तो फरकही हिशोबात घ्या.

एक गोष्ट मी तेव्हा केली नाही आणि आता सगळ्यांना सांगते. बोली लावायच्या आधी त्याच बोटीचं त्याच तारखेचं नवीन बुकिंग करतोय असं दाखवून शेवटच्या पानापर्यंत जायचं, पैसे भरायचे नाहीत, फक्त आजचा बाल्कनीचा भाव बघायचा. कधीकधी भाव इतका उतरलेला असतो की कंपनीला फोन करून सरळ फरक भरला तर बोलीपेक्षा थोडेच जास्त लागतात, आणि अशा वेळी केबिनचा नंबर आपण निवडतो. आपण निवडतो, हे महत्त्वाचं. शेवटचा हप्ता भरायच्या आधी (तो कंपनीप्रमाणे निघायच्या साधारण ७५ ते १२० दिवस आधी असतो) तर हे आठवड्यातून एकदा बघावंच.

कारण बोलीत आपण फक्त बाल्कनी मागतो, कुठली बाल्कनी ते ते ठरवतात. आणि तोवर न विकलेल्या बाल्कन्या बऱ्याचदा लोकांनी न निवडलेल्याच असतात, म्हणजे अगदी टोकाच्या, किंवा स्विमिंग पूलच्या डेकखाली जिथे पहाटे खुर्च्या ओढायचे आवाज येतात. हे नियमांत लिहिलेलं असतं, मी वाचलंही होतं. पण वाचताना माझं सगळं लक्ष १३० आणि १४० मध्ये होतं.

दोन केबिन म्हणजे दोन बुकिंग, दोन वेगळ्या बोल्या. शनिवारी निघायचं आणि गुरुवारी संध्याकाळी मेल, आईबाबांची मंजूर, आमची नाही (आम्ही लेकीला धरून तिघं, तिघांच्या बाल्कन्या मुळात कमी). मी किचनमधून ओरडलेच, बाल्कनी मिळाली! बाबांनी हॉलमध्ये टाळी वाजवली. रात्री बॅगांना लावलेले टॅग काढून नवीन नंबरचे प्रिंट करून स्टेपल करायला घेतले तेव्हा नंबराकडे नीट बघितलं, १०वा डेक, आणि नकाशावर शोधायला गेले तर पार पुढच्या टोकाला. पोटात गोळा आला. कंपनीला फोन केला, पाऊण तास होल्डवर, आणि उत्तर ठरलेलं, अपग्रेड झाल्यावर बदल नाही. माझी बुकिंग सांभाळणाऱ्या एजंटनेही हेच सांगितलं, आणि त्यांचं चूक नव्हतं, नियम तोच होता. पण आधी समोरासमोर असलेले आईबाबा आता दोन डेक वर आणि अर्धी बोट लांब होते.

शनिवारी संध्याकाळी बोट व्हेराझानो पुलाखालून गेली तेव्हा आम्ही पाचही जण त्या बाल्कनीत उभे होतो, डोक्यावरून पूल सरकत गेला, आई रेलिंगला दोन्ही हातांनी धरून. तो अर्धा तास मी २६० डॉलरला पुन्हा विकत घेईन.

रात्री वारा वाढला. न्यू जर्सी ते बर्म्युडा जाताना गल्फ स्ट्रीम ओलांडावा लागतो, आणि उत्तरेचा वारा त्या प्रवाहाच्या उलट सुटला की लाटा जवळजवळ आणि उभ्या होतात. आमच्या ८व्या डेकवर ग्लासातलं पाणी जरासं हलत होतं एवढंच. पावणेदोनला बाबांचा फोन, आई उलट्या करतेय. त्या केबिनमध्ये गेले तर पलंग वर उचलला जायचा, क्षणभर थांबायचा, आणि खाली यायचा, सगळं कपाट कुरकुरत होतं, बाल्कनीच्या काचेपलीकडे नुसता काळोख. आई पांढरी पडलेली. तिने घरून आणलेला आलेपाक मुठीत धरलेला होता, खायची हिंमत नव्हती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले आणि मला सारखं आठवत होतं की मधल्या केबिनची निवड मी तिच्यासाठीच केली होती आणि मीच ती बदलून घेतली होती, वर पैसे देऊन.

तिला धरून धरून आमच्या केबिनमध्ये आणलं. नवरा उशी घेऊन बाबांकडे गेला, आई माझ्या शेजारी झोपली, लेक वरच्या बर्थवर. क्रूच्या माणसाने हिरवं सफरचंद आणि क्रॅकर आणून दिले, मळमळीवरची मेक्लिझिनची गोळी मी बरोबर ठेवलीच होती. साडेतीनला तिला झोप लागली. सकाळी गेस्ट सर्व्हिसेसला जाऊन सांगितलं तर त्यांनी एकमेकांच्या केबिनच्या जादा चाव्या करून दिल्या, कागदोपत्री नावं होती तिथेच, आणीबाणीत कुठल्या मस्टर स्टेशनला जमायचं तेही ज्याच्या त्याच्या कार्डावर होतं तेच. हा मार्ग आहे हे लक्षात ठेवा, एका घरातली माणसं असलात तर कोण कुठे झोपतं यात कोणी पडत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी बर्म्युडाच्या किंग्ज व्हार्फ बंदराला लागलो, बोट एक रात्र तिथेच बांधलेली, जराही हालचाल नाही, आणि आई आपणहून म्हणाली चल तुझ्या त्या बाल्कनीत. बाबांनी बुफेतून चहा आणलेला. समोर पाणी असं की खालचे दगड दिसत होते, आणि पलीकडच्या टेकडीवर रंगीत घरं, सगळ्यांची छपरं पांढरीशुभ्र, पायऱ्यापायऱ्यांची. आईने विचारलं छपरं अशी का. मी आधी वाचलं होतं ते सांगितलं, की या बेटावर नदी नाही, गोड्या पाण्याचं तळं नाही, म्हणून प्रत्येक घराने छपरावरचं पावसाचं पाणी धरून घराखालच्या टाकीत साठवायचं असा इथे कायदाच आहे, चुनखडीच्या दगडाच्या त्या पायऱ्यांनी पाण्याचा वेग कमी होतो आणि ते पन्हाळीत जातं.

आई कप हातात धरून किती वेळ बघत राहिली. माणदेशात आख्खं आयुष्य गेलेली बाई ती, टँकर आला की हंडा घेऊन पळालेली. "प्रत्येक घराने?" तिने पुन्हा विचारलं. मग बाबांना म्हणाली, "बघा हो, आपल्या पत्र्यावरचं सगळं ओढ्याला जातं." दोघं तिथेच बसून आपल्या घराचं छप्पर किती फूट आणि टाकी कुठे बसेल याचा हिशोब करत होते, दुपारची बस चुकली तरी उठले नाहीत.

परतीच्या दोन्ही रात्री आई काही न बोलता आमच्याकडे झोपायला आली. पुढच्या उन्हाळ्यात अलास्काला न्यायचं ठरलंय, या वेळी एकच बाल्कनी घेतलीये पण मधोमधची, नंबर बघून, पूर्ण भावाने, आणि अपग्रेडची मेल आली तर त्या बुकिंगवर मी बोली लावणार नाही. आमच्या आतल्या केबिनवर लावेन, आम्ही कुठेही झोपू.

शेवटच्या पहाटे पावणेपाचला आमच्या केबिनमधला फोन वाजला, आत मिट्ट काळोख, बिनखिडकीच्या खोलीत वेळ कळतच नाही. बाबा होते. "पुलाचे दिवे दिसायला लागलेत, तिला घेऊन ये." आई आधीच उठून शाल शोधत होती.