मेकॅनिकलची पदवी आणि पुलाचं डिझाइन: माझा अनुभव

2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरचा जुना दगडी पूल पुरात गेला आणि त्याच्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या गेल्या. माझे वडील एसटीच्या आगारात मेकॅनिक होते, निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. दुसऱ्या दिवशी ते दिवसभर टीव्हीसमोरून हलले नाहीत. संध्याकाळी त्यांचा फोन आला. म्हणाले, "तू इंजिनीअर ना रे? मग सांग, एवढा जाडजूड पूल नुसत्या पाण्यानं कसा काय जातो?"

मला सांगता आलं नाही. "पाण्याचा जोर असेल, अप्पा," असं काहीतरी बोलून मी फोन ठेवला. मी 2013 ला मेकॅनिकलची पदवी घेतली होती आणि चाकणला एका कारखान्यात वेल्डिंग फिक्श्चर, म्हणजे वेल्ड करताना भाग जागेवर धरून ठेवणारे साचे, डिझाइन करत होतो. वीस किलोचा भाग अर्ध्या मिलिमीटरच्या आत कसा धरायचा, हे मला नेमकं माहीत होतं. पूल का पडतो, हे माहीत नव्हतं. तो प्रश्न डोक्यातून जाईना. पुढच्या जूनमध्ये महाडचा नवा पूल सुरू झाला, तेव्हा मी चाकणची नोकरी सोडून पुलाचे पोलादी गर्डर, म्हणजे रस्त्याखालच्या लांब तुळया, बनवणाऱ्या एका कारखान्यात लागलो होतो.

आता मला बरीच मुलं विचारतात, "दादा, मेकॅनिकल करून पुलाचं डिझाइन करता येतं का?" हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देणं मला पटत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

गर्डरच्या कारखान्यात मला परकं वाटलं नाही, उलट घरी आल्यासारखं वाटलं. वेल्डची अल्ट्रासोनिक तपासणी, प्लेटचे दाखले, वेल्डिंगच्या उष्णतेने गर्डर पिळवटतो तो सरळ करणं, कॅम्बर म्हणजे गर्डरला मुद्दाम दिलेला वरचा बाक मोजणं, ही सगळी आमच्याच शाखेची कामं. फटीगचंही तसंच. वारंवार भार येऊन लोखंड थकतं, हे आम्ही क्रँकशाफ्टवर शिकतो. पुलाच्या कोडमध्ये, म्हणजे डिझाइनच्या नियमपुस्तकात, तेच वेल्डच्या प्रकाराप्रमाणे वर्ग पाडून दिलेलं असतं. बेंडिंग मोमेंट, शिअर, बकलिंग, कंपनं, फायनाइट एलिमेंट यातलं काहीच मला नवीन नव्हतं. वर्षभरात मला वाटायला लागलं की पूल म्हणजे मोठं फिक्श्चरच आहे. हा माझा गैरसमज होता आणि पुढची पाच वर्षं तो सुटण्यात गेली.

कंपनांच्या तासाला आम्हाला अमेरिकेतला टॅकोमा नॅरोजचा पूल दाखवला होता, 7 नोव्हेंबर 1940 ला वाऱ्यात पिळवटून कोसळलेला. त्या चौकशीच्या समितीत वायुगतिशास्त्रज्ञ थिओडोर फॉन कार्मान होते, ज्यांनी बुडापेस्टला मेकॅनिकलचंच शिक्षण घेतलं होतं. पुलाला वाऱ्याची भीती सरळ ढकलण्यापेक्षा वेगळ्या कारणाने असते, हे पूल बांधणाऱ्यांना पटवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. हे वाचून मला फार धीर आला होता. पण त्यांच्याशेजारी त्या समितीत ओथमार अम्मान बसले होते, ज्यांची हयात पूल बांधण्यात गेली. ही अर्धी गोष्ट मी तेव्हा सोयीने विसरलो.

डिझाइनला जायचं तर स्ट्रक्चरलमध्ये एम.टेक. करावं लागणार होतं आणि त्यासाठी गेट ही प्रवेश परीक्षा. मी सिव्हिलचा पेपर निवडला. 2019 ला आपटलो. स्ट्रक्चर्सचे प्रश्न भराभर सुटले, पण पेपर नुसता स्ट्रक्चर्सचा नसतो. माती, जलविज्ञान, सर्वेक्षण, रस्ते, पर्यावरण असं सगळं त्या शंभर गुणांत असतं आणि त्यातलं मी कधी पुस्तकही उघडलं नव्हतं. पुन्हा बसायचं ठरवल्यावर कारखान्याची पहिली पाळी मागून घेतली आणि दुपारी चारनंतर मृदा यांत्रिकी वाचायला लागलो. 2020 ला गुण चांगले आले.

मग प्रवेशाची पायरी. इथे नीट लक्ष द्या, कारण बरीच मुलं इथेच वर्ष घालवतात. गेटचा पेपर कुठलाही देता येतो, पण प्रवेशाची पात्रता प्रत्येक संस्था आपापली ठरवते. तीन संस्थांच्या माहितीपत्रकात पात्रतेच्या रकान्यात फक्त सिव्हिल होतं. चौथ्या ठिकाणी मेकॅनिकलला मुभा होती, पण पदवीचे दोन विषय जादा करायचे या अटीवर: मृदा यांत्रिकी आणि काँक्रीट डिझाइन. अर्ज भरायच्या आधी हे रकाने वाचा, फी भरल्यावर नको.

ते दोन जादा विषय मला शिक्षेसारखे वाटले होते. खरं सांगायचं तर माझं पुलाचं शिक्षण तिथेच सुरू झालं. आम्ही ज्या मालावर काम करतो तो दाखल्यासकट येतो, त्याची ताकद छापलेली असते. काँक्रीट आपण जागेवर बनवतो, आणि ते घट्ट झाल्यावरही वर्षानुवर्षं आकसत राहतं, भाराखाली हळूहळू सरकत राहतं. आणि माती तर आपण बनवतच नाही, ती जशी मिळेल तशी घ्यायची.

याच काळात अप्पांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. नदीवरचे बरेच पूल पाण्याच्या धक्क्याने मोडत नाहीत. पूर आला की खांबाभोवती पाणी भोवऱ्यासारखं खाली वळतं आणि तळ खरवडत नेतं. याला स्कावर म्हणतात. वरचा पूल धडधाकट असतो, पण पायाखालचं काही उरलेलं नसतं. आपल्याकडे या खरवडीची खोली लेसीच्या सूत्राने काढतात: नदीच्या दर मीटर रुंदीतून किती पाणी जातं आणि तळाचे कण किती बारीक, यावरून सरासरी खोली येते, आणि खांबाजवळ तिच्या दुप्पट खोल खरवड धरतात. मी अप्पांना विचारलं, "गणपतीपुळ्याला लाटेत उभे राहायचो ते आठवतंय?" लाट परतताना टाचेखालची वाळू निघून जाते आणि उभा माणूस आपोआप मागे कलतो. ते लगेच म्हणाले, "म्हणजे पाण्यानं पुलाला ढकललं नाही, त्याची जमीन काढून घेतली." सावित्रीला नेमकं काय झालं हे मी सांगत नव्हतो, ते चौकशीचं काम. पण पाण्याने दगडी पूल कसा जाऊ शकतो, हे मला चार वर्षांनी सांगता आलं.

2022 ला पुण्यातल्या एका पूल-सल्लागार कार्यालयात लागलो. तिथल्या प्रमुख मॅडम सिव्हिलच्या, तीस वर्षं पुलांमध्ये. त्यांनी मला पहिलं काम दिलं 40 मीटर गाळ्याच्या, म्हणजे दोन टेकूंमध्ये तेवढं अंतर असलेल्या, रस्त्याच्या पुलाचं: खाली पोलादी गर्डर, वर काँक्रीटचा स्लॅब. मी तीन आठवडे घासून मॉडेल केलं. आयआरसी 6 या पुलावरच्या भारांच्या कोडमधली 70-आर आणि क्लास-ए ही ठरवून दिलेली वाहनं पुढेमागे फिरवली, फटीग तपासला, तापमान तपासलं. सगळे आकडे बसले. गर्डरची वरची फ्लँज, म्हणजे माथ्यावरची आडवी पट्टी, मी बारीक ठेवली होती, कारण वरचा दाब स्लॅबच घेतो. लोखंड वाचलं होतं आणि मला त्याचा अभिमान वाटत होता.

मॅडमनी दहा मिनिटं चाळून एकच प्रश्न विचारला. "स्लॅब ओतला त्या दिवशी हा गर्डर काय करतोय?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी पेन्सिल घेतली. स्लॅब 23 सेंटिमीटर जाड, गर्डरमधलं अंतर 2.8 मीटर. म्हणजे एका गर्डरवर दर मीटरला साधारण 1.6 टन ओलं काँक्रीट, 40 मीटरला 64 टन. ओलं काँक्रीट म्हणजे नुसतं ओझं, त्यात ताकद शून्य. ते घट्ट होईपर्यंत सगळं एकट्या गर्डरने पेलायचं, आणि माझी ती बारीक फ्लँज तोवर बाजूने मोकळी. ती आडवी लचकून अख्खा गर्डर कलंडू शकतो. मी तयार पूल तपासला होता; बांधला जात असलेला पूल तपासलाच नव्हता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. तो स्लॅब ओतताना शटरिंगवर पंधरा-वीस मजूर उभे असतात. मेकॅनिकलमध्ये आपण वस्तू शेडमध्ये जोडतो, चाचणी घेतो, मग ती कामाला लागते. पहिला नमुना तुटला तर दुसरा करतो. पुलाचा नमुना नसतो, आणि अर्धवट बांधलेल्या अवस्थेतही तो कुणाच्या तरी डोक्यावर असतो. फ्लँज जाड केली, गर्डरांमध्ये आडवे बांध वाढवले, आणि त्यानंतर प्रत्येक गणिताच्या पहिल्या पानावर मी उभारणीचे टप्पे लिहितो.

आपलं शिक्षण उपयोगी पडतं तेही सांगतो. एका पुलावर स्लॅबच्या आधी बेअरिंग, म्हणजे खांब आणि गर्डर यांच्यामधले सरकते टेकू, बघायला गेलो होतो. पॉट-पीटीएफई बेअरिंगच्या एका प्रकाराला मार्गदर्शक पट्टी असते, ते एकाच दिशेने सरकतं आणि ती दिशा वरच्या प्लेटवर बाणाने दाखवलेली असते. एका खांबावरचा बाण पुलाच्या लांबीला समांतर नव्हता, आडवा होता. 40 मीटर लोखंड एका अंशाला जवळपास अर्धा मिलिमीटर लांबतं. थंडीच्या पहाटेपासून मे महिन्याच्या दुपारपर्यंत लोखंडाच्या तापमानात 50 अंशांचा फरक धरला तर 24 मिलिमीटर. ती वाट बंद झाली असती तर सगळा रेटा खांबाच्या माथ्यावर आला असता. जॅक लावून गर्डर उचलला, बेअरिंग काढून नव्वद अंशात फिरवून बसवलं. सरकणारे भाग बघायची सवय आमच्या हाडात असते, ती तिथे कामी आली. बेअरिंग, एक्स्पान्शन जॉइंट, केबलचे डँपर, उचलले जाणारे पूल, ही कामं तर आपली हक्काची आहेत. रामेश्वरमजवळच्या पांबनच्या नव्या रेल्वे पुलाचा 72.5 मीटरचा गाळा लिफ्टसारखा सरळ वर जातो. तो दोन्ही शाखांनी मिळूनच उभा केलेला पूल आहे.

आता सहीचा प्रश्न. आर्किटेक्टसाठी 1972 चा कायदा आहे, इंजिनीअरसाठी देशभर लागू होईल असा तसला कायदा आपल्याकडे नाही. त्यामुळे मेकॅनिकलवाल्याने पुलाचं गणित करू नये असं कुठला कायदा सांगत नाही. पण दार दुसरीकडे बंद होतं. महापालिकांचे स्ट्रक्चरल इंजिनीअरचे परवाने सिव्हिलची पदवी मागतात. हायवेच्या निविदांत ब्रिज इंजिनीअरसाठी अट असते: सिव्हिलचा पदवीधर. 2023 ला एका निविदेत माझं नाव टाकलं होतं. एम.टेक. स्ट्रक्चरल, गर्डर कारखान्याची तीन वर्षं, सगळं लिहिलं. मूल्यांकनात त्या जागेला गुण मिळाले नाहीत, कारण पदवीच्या रकान्यात मेकॅनिकल. कॅलिफोर्नियातला एक मित्र सांगतो की तिथेही पुलाच्या नकाशावर सिव्हिलचाच परवाना असलेल्या इंजिनीअरची सही लागते.

मला वाईट वाटलं, अजूनही थोडं वाटतं. माझ्या मते पदवीच्या नावापेक्षा कुठले विषय केले आणि किती वर्षं कुणाच्या हाताखाली काम केलं, हे विचारायला हवं. पण अट काढून टाका असं मी म्हणणार नाही. 2017 मध्ये मला कुणी सही करू दिली असती तर मी ती बेधडक केली असती, आणि तेव्हा मला लेसीचं नावही माहीत नव्हतं.

म्हणून विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगतो: नुसत्या मेकॅनिकलच्या पदवीवर पूल डिझाइन करायला जाऊ नका. गर्डर, बेअरिंग किंवा विश्लेषणाच्या कामातून आत या, माती आणि काँक्रीट मुळापासून शिका, आणि पुलात मुरलेल्या माणसाच्या हाताखाली काही वर्षं काढा. मान्यतेची सही स्वतःची हवीच असेल आणि वय हाताशी असेल, तर सरळ सिव्हिलची पदवी करा.

सध्या माण तालुक्यात एका ओढ्यावरच्या पुलाचं काम करतोय. मागच्या महिन्यात बोअर घेताना तिथे होतो. साडेसहा मीटरवर काळा दगड लागला, गाभा सलग आला, आणि मला वाटलं पाया इथेच बसला. बोअरवाले काका म्हणाले, "साहेब, काळा लागला म्हणून थांबू नका. इकडं खाली परत तांबडं लागतं." अजून दीड मीटर गेल्यावर पेटीत तांबडा गाभा आला. दोन लाव्हाथरांच्या मधली लाल माती, बोटाने चुरली तर कुंकवासारखी हाताला लागली. तिच्याखाली पुन्हा काळा खडक. मॅडमना फोन केला, पाया त्या खालच्या खडकापर्यंत न्यायचं ठरलं, आणि सुधारित नकाशा परवा निघाला. खालच्या चौकटीत 'तयार केले'समोर माझं नाव आहे, 'मान्य'समोर त्यांचं.