चित्रकलेच्या वहीत नसलेला चौक

मी या शाळेतून दहावी झालो १९८२ साली. चित्रकलेच्या तासाला आम्ही काढत होतो सुरई, दोन सफरचंदं आणि त्यांची सावली. आमच्यातल्या निम्म्यांनी तोवर सफरचंद चाखलेलंही नव्हतं. सर प्रेमळ; सावली उलट्या बाजूला पडली तरी दहापैकी सहा द्यायचे.

त्याच वेळी आमच्याच डहाणू तालुक्यात, गंजाडला, वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे राहत होते. १९७६चा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेले. शाळेची सहल मात्र महालक्ष्मीला जायची.

घरी तर चित्रांतच वाढलो. लग्न ठरलं की कुडाची भिंत शेणाने सारवायची, वर गेरू, मग तांदळाचं पीठ कालवून सवासिनी चौक, म्हणजे लग्नाचं चौकटीतलं चित्र, लिहायला बसायच्या. ‘लिहायला’च, ‘काढायला’ असं आजीच्या तोंडून कधी ऐकलं नाही. बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ केलं की झाला कुंचला. चौकात पालघट ही लग्नाची देवी, शेजारी पाच डोक्यांचा देव पंचशिऱ्या. धवलेरीने, म्हणजे लग्नविधी करणाऱ्या बाईने, गाणी म्हणून लग्न लावलं की चित्राचं काम संपलं. पुढे चुलीच्या धुराने ते काळवंडायचं, पावसाळ्यात ओल धरायची, आणि त्याची हळहळ कुणाला नसे. शाळेत जे काढतो ते चित्र, हा तर आपला घरचा रिवाज, अशी माझी पक्की समजूत.

चौक हे बायकांचं काम. म्हसे यांनी ती रीत ओलांडली. लहानपणी आई गेली आणि पोराचं बोलणंच थांबलं. काय हवं-नको ते धुळीत रेघा ओढून सांगायचे. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद आणि रंग घेऊन पाड्यांवर आले ते बायकांसाठी, आणि त्यांना हा गडी सापडला. घरात लग्न असो-नसो, रोज चित्र काढणारा.

त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र मी पाहिलं ते नोकरीला लागल्यावर, मुंबईत, एका प्रदर्शनात. जाळ्याने सगळी जागा व्यापलेली, केसासारख्या बारीक रेघांची वीण, आणि माणसं कडेला, नखाएवढी. खाली शेणाचं सारवण. काचेपलीकडून वास येणं शक्य नाही, पण मला आला. आपल्या आजीच्या भिंतीला तिकीट काढून बघतोय, या विचाराने लाजच वाटली.

२०११ला त्यांना पद्मश्री मिळाली. १५ मे २०१८ला ते गेले. एसटीने जाऊन भेटण्यासारखा माणूस, आणि मी गेलो नाही.

परवा शाळेत आलो तर कुंपणाच्या भिंतीवर वारली चित्रं. बरं वाटलं. जवळ गेल्यावर दिसलं की साचा ठेवून रंग फासलाय. सगळी माणसं एका उंचीची, एका ढबीची. नाचणाऱ्यांपैकी चौघांची तर तारपा, म्हणजे आमचं फुंकून वाजवायचं वाद्य, वाजवणाऱ्याकडे पाठ! आमच्याकडे तारप्याकडे पाठ करून कुणी नाचत नाही, दारू प्यालेलासुद्धा.

शाळेच्या या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावरही वारली चित्र येणार असं कळलं. त्या चौघांना तेवढं वळवून घ्या. आणि यंदाची सहल गंजाडला न्या. म्हसे यांची मुलं, सदाशिव आणि बाळू, हीच कला करतात. गाडीभाड्यातला माझा वाटा मी आधीच देऊन ठेवतो.