बेळगावातून ऑर्केस्ट्राच्या फ्लूटपर्यंत

खानापूर-बेळगावकडची मुलं बहुधा बांबूच्या बासरीवर सुरुवात करतात. पाश्चात्त्य वाद्यवृंदातल्या फ्लूटकडे, म्हणजे धातूच्या आडव्या बासरीकडे, वळताना ती फुंक उपयोगी पडते, बोटं मात्र नव्यानं बसवावी लागतात: बासरीची छिद्रं बोटांच्या पेरांनी झाकतात, फ्लूटच्या किल्ल्या (छिद्रं उघडझाप करणाऱ्या कळा) बोटांच्या टोकांनी दाबायच्या.

वाद्यवृंदाच्या ऑडिशनमध्ये बहुतेक ठिकाणी मोत्सार्टची जी मेजर कॉन्चेर्तो (एकल वाद्य आणि वाद्यवृंदासाठीची रचना) आणि वाद्यवृंदाच्या रचनांमधले फ्लूटचे निवडक तुकडे मागतात. फ्रेंच संगीतकार द्यबुसीच्या 'फॉन' या वाद्यवृंद-रचनेची सुरुवात त्यात जवळपास ठरलेली. पहिलाच सूर सी शार्प. त्यावर बहुतेक छिद्रं उघडी, म्हणून तो पातळ आणि चढा लागतो. रोज दहा मिनिटं ट्यूनर (सूर बरोबर आहे का ते दाखवणारं यंत्र) लावून एवढाच सूर हळू आवाजात धरा. इथंच बरेच जण गळतात.

पिकोलो, म्हणजे वरच्या सुरांची छोटी फ्लूट, तीही शिकाच, म्हणजे संधी वाढते. वाद्यवृंदात फ्लूटच्या जागा दोन-तीनच असतात.

आपल्याकडच्या पावसाळ्यात किल्ल्यांखालची, छिद्रं बंद करणारी पॅड फुगतात, चिकटतात. वाजवून झाल्यावर आतून पुसा, चिकटलेल्या पॅडखाली सिगारेटचा कोरा कागद धरून अलगद दाबा. ओढू नका, पॅडची कातडी फाटते. हेडजॉइंटमधलं (फ्लूटच्या फुंकायच्या तुकड्यातलं) बूच फुंकेच्या छिद्राच्या मध्यापासून १७ मिलिमीटरवर हवं. सरकलं की सप्तकं जुळत नाहीत.

पूर्णवेळ नोकरीसाठी जवळची जागा मुंबई: सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया, स्थापना २००६.