तुम्ही विचारलंत म्हणून : कारकून घडवायची शिष्यवृत्ती

लग्नाच्या पंगतीत विचारतात, बँकेच्या रांगेत विचारतात. परवा तर दातांच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात कापूस कोंबून झाल्यावर विचारलं, "मॅडम, त्या दक्षिण सुदानच्या मुलांना मानवाधिकार शिकवून काय उपयोग हो? तिथे धड दवाखाने नाहीत, रस्ते नाहीत. नर्स करा, इंजिनियर करा. शासनव्यवस्थेत एम.ए. करून तो पोरगा खाणार काय?"

तेव्हा मला फक्त 'ऊं' करता आलं. तुम्ही विचारलंत म्हणून आता नीट सांगते.

मी पुण्यातल्या एका कॉलेजात 27 वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. सुदानी मुलं पुण्यात खूप आधीपासून येत होती. आपल्याला ती सगळी सारखीच, 'सुदानी'. कोंढव्यातल्या घरमालकांनाही तशीच. त्यातली काही दक्षिणेकडची आहेत, त्यांच्या भागाने उत्तरेशी दोन मोठी युद्धं केली आहेत, हे मला राज्यशास्त्राची बाई असून पुस्तकापुरतंच माहीत होतं. 2011 च्या जानेवारीत तिकडे सार्वमत झालं, जवळजवळ 99 टक्के लोकांनी वेगळं व्हायला कौल दिला, आणि 9 जुलैला नवा देश झाला. माझ्या वर्गातल्या एका मुलाने त्या आठवड्यात पेढे वाटले. आनंदाची बातमी असली की पुण्यात पेढे लागतात, एवढं तो शिकला होता. 2013 च्या डिसेंबरात तोच मुलगा व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होता. राजधानी जुबात गोळीबार सुरू झाला होता आणि त्याचा घरी फोन लागत नव्हता. या वेळी भांडण उत्तरेशी नव्हतं. राष्ट्राध्यक्ष सल्वा कीर आणि त्यांनी काढून टाकलेले उपराष्ट्राध्यक्ष रिएक माचर यांच्यातलं होतं.

तेव्हापासून मी या मुलांच्या मागे लागले, किंवा ती माझ्या. निवृत्तीनंतर हेच काम राहिलंय : शिष्यवृत्तीचे अर्ज वाचायचे, निबंध दुरुस्त करून द्यायचे, शिफारसपत्रं लिहायची.

आता उपयोगाचं. मी वर्गात आपलं कलम 356 शिकवत होते. राष्ट्रपती राजवट, केंद्राने राज्य सरकारं कशी घालवली, मग 1994 चा सर्वोच्च न्यायालयाचा बोम्मई निकाल, राष्ट्रपती राजवट योग्य की अयोग्य ते न्यायालय तपासू शकतं असं सांगणारा, हे सगळं दरवर्षीचं. मागच्या बाकावरून हात वर आला. दक्षिण सुदानच्या 2011 च्या हंगामी राज्यघटनेतही असंच आहे, मॅडम. कलम 101 मधल्या एका पोटकलमाने राष्ट्राध्यक्ष राज्याच्या निवडून आलेल्या गव्हर्नरला काढू शकतो, 'संकट' आहे असं म्हणून. 2013 साली दोन राज्यांत तसं झालंही होतं. "पण आमच्याकडे बोम्मई नाही," तो म्हणाला. वर्ग हसला. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की या मुलाला इंजिनियर करायला सांगणारे आपण कोण? पूल बांधणारा चिनी, इथिओपियन, युगांडाचा कोणीही मिळेल. त्या पोटकलमापुढे उभं राहून 'संकट म्हणजे काय, ते कोण ठरवणार' असं विचारणारा माणूस बाहेरून आणता येत नाही.

हे ऐकून माझे एक दीर लगेच म्हणाले, "म्हणजे पुढारी घडवायचे!"

अजिबात नाही. पुढाऱ्यांचा त्या देशात सुकाळ आहे. 2018 च्या शांतता कराराने तिथे पाच उपराष्ट्राध्यक्ष दिले. संसदेत 550 जागा केल्या. लोकसंख्या एक-सव्वा कोटी. आपली लोकसभा 543 ची आहे हो! निवडणूक मात्र स्वातंत्र्यानंतर एकदाही झालेली नव्हती. ती पुढे ढकलत ढकलत डिसेंबर 2026 वर नेली. आणि शिक्षणाचंच म्हणाल तर ज्यांनी देशाचं भलंबुरं केलं ते अडाणी नव्हते. दक्षिणेच्या बंडाचे नेते जॉन गरांग यांनी अमेरिकेत आयोवात डॉक्टरेट केली होती, माचर यांनी इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डला. पदवीने माणूस शहाणा होतो असं मी म्हणतच नाही. 27 वर्षं स्टाफरूममध्ये बसलेय मी.

मग कोण हवंय? माझं उत्तर ऐकून लोकांची निराशा होते. कारकून हवेत. चांगले, शिकलेले, न घाबरणारे कारकून.

हे मला एका मुलीने शिकवलं. ती केनियातल्या काकुमाच्या निर्वासित छावणीत वाढलेली, आयसीसीआरच्या, म्हणजे आपल्या भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर पुण्यात एम.ए.ला आलेली. आम्ही विद्यार्थ्यांना मुळशीकडच्या एका गावात ग्रामसभा दाखवायला नेलं होतं. ग्रामसभा नेहमीसारखीच, पाणी आणि गटार. हिचं लक्षच नव्हतं. ती ग्रामसेवकाच्या टेबलाशी जाऊन नमुना आठची नोंदवही बघत होती, घरपट्टीची. कुणाचं घर, किती फूट, पत्र्याचं की कौलांचं, मालक कोण. एका ओळीवर नवऱ्याच्या नावापुढे बायकोचंही नाव होतं. तिने त्यावर बोट ठेवून विचारलं, हे कोणी लिहिलं? ग्रामसेवक म्हणाला, मी लिहिलं, सरकारचा नियम आहे. "आणि नवरा मेला तर?" "तर तिचं नाव आहेच की."

परतीच्या गाडीत ती बोलत होती. त्यांच्याकडे 2009 चा जमीन कायदा बाईला जमिनीचा हक्क देतो, वारसाहक्कसुद्धा. कायद्यात काही कमी नाही. पण बाईचा हक्क ज्या वहीत लिहायचा ती वही बहुतेक ठिकाणी नाहीच. युद्धातून परत आलेली विधवा आपल्या जागेवर जाते तेव्हा तिथे दुसराच कोणीतरी राहत असतो, आणि तिच्याकडे दाखवायला असतात शेजारी, असलेच तर. तिकडे राज्याखाली काउंटी, काउंटीखाली पायाम, पायामखाली बोमा अशी रचना आहे. बोमा म्हणजे साधारण आपल्या ग्रामपंचायतीएवढा. "मला बोमाची वही करायची आहे," असं ती म्हणाली. मानवाधिकार म्हटलं की आपल्याला जिनिव्हातली भाषणं आठवतात. तिला ग्रामसेवकाचं दप्तर आठवतं.

बहुतेक तंटे तिथे आजही मुखियाच्या न्यायालयात, परंपरेप्रमाणे सुटतात, आणि भरपाई गायींत मोजतात. लिखित कायद्यानेही ते मानलंय : 2008 च्या दंडसंहितेत खुनाला फाशी किंवा जन्मठेप आहे, पण मृताच्या जवळच्या नातेवाइकांनी परंपरेची भरपाई मागितली तर न्यायालय फाशीऐवजी ती देऊ शकतं, सोबत कैद. यावर आम्ही वर्गात दोन तास भांडलो होतो. ते रानटी आहे, असं आमच्या पुणेरी मुलांचं म्हणणं. फाशीने मेलेल्याच्या पोरांना दूध मिळतं का, असं तिकडच्या मुलांचं. शिकलेला माणूस तिथे लागतो तो असा, दोन्ही कायदे कळणारा. जुबाच्या न्यायालयातही बसू शकेल आणि झाडाखालीही. परदेशी तज्ज्ञाला झाडाखाली कोणी विचारत नाही.

आता शिष्यवृत्त्यांचं. निर्वासित मुलांसाठी सगळ्यात जुन्यांपैकी एक आहे 'डाफी'. जर्मन सरकारच्या पैशावर संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था ती 1992 पासून चालवते. मुलगा ज्या देशात आसऱ्याला आहे तिथेच पदवी करतो, म्हणजे केनियात, युगांडात. पुढे मानवाधिकारात कायद्याचं पदव्युत्तर करायचं तर आफ्रिकेत प्रिटोरिया विद्यापीठाचा अभ्यासक्रम नावाजलेला, पण त्याला आधी कायद्याची पदवी लागते. ब्रिटनची चीव्हनिंग एक वर्षाचं एम.ए. पूर्ण खर्चाने करून देते. तिला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावं लागतं. आपली आयसीसीआर आहेच.

यादी ऐकून वाटतं, चांगलीच सोय आहे. पण जगभरातल्या निर्वासित तरुणांपैकी उच्च शिक्षणापर्यंत पोचणारे 2019 साली 3 टक्के होते. 2030 पर्यंत ते 15 टक्के करायचे असं उद्दिष्ट ठेवलंय. आणि खुद्द दक्षिण सुदानात 2009 च्या पाहणीत 15 वर्षांवरचे फक्त 27 टक्के लोक साक्षर निघाले होते. एम.ए.च्या अर्जापर्यंत आलेलं मूल म्हणजे किती चाळण्यांतून खाली पडलेलं पीठ, ते बघा. त्यातही सुदानच्या राजधानीत, खार्टूमला वाढलेली मुलं अरबीत शिकलेली. त्यांना तिकडे 'अरबी पॅटर्न'ची म्हणतात. दक्षिण सुदानने राज्यकारभार इंग्रजीत करायचं ठरवलं तेव्हा ती चांगली शिकलेली मुलं एका दिवसात अडाणी झाली.

कागदपत्रांचं तर विचारू नका. कितीतरी जणांची जन्मतारीख 1 जानेवारी. आई सांगते, पुराच्या वर्षी जन्मलास. छावणीतला कारकून विचारतो, तारीख? मग 1 जानेवारी. एका कचेरीत, कुठल्या ते सांगत नाही, माझ्यासमोर एका मुलाला हिणवलं गेलं की तुम्ही सगळे एकाच दिवशी कसे हो जन्मता? पेढे वाटणाऱ्यापेक्षा हा मुलगा शांत. तो म्हणाला, "सर, त्या दिवशी आमच्याकडे केक स्वस्त असतो."

कागदावरून आणखी आठवलं. 2025 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने दक्षिण सुदानच्या पासपोर्टवरचे सगळे व्हिसा एका फटक्यात रद्द केले. कारण काय, तर अमेरिकेने परत पाठवलेला एक माणूस जुबाने घेतला नाही, तो आमचा नाही, काँगोचा आहे असं म्हणून. एक माणूस कुठला, एवढा कागदाचा वाद, आणि पायाखालची जमीन गेली ती तिकडे प्रवेश मिळालेल्या पोरांच्या. तरी लोक मला विचारतात, नोंदवह्यांचं काय एवढं?

सगळ्यात जास्त राग मला निबंधांचा येतो. मुलांच्या नव्हे, ते लिहायला लावणाऱ्या फॉर्मांचा. 'तुमच्या नेतृत्वाचा प्रसंग सांगा.' मुलांना कळून चुकलंय की निवड समितीला युद्ध लागतं. एका मुलाचा निबंध आला : रात्र, गोळीबार, नदी, मगर, बहीण मागे राहिली. खोटं काहीच नव्हतं, म्हणून तर वाचवेना. बाजारात भाजी मांडावी तसं त्याने घरातलं मरण मांडून ठेवलं होतं. मी विचारलं, उत्तर युगांडातल्या बिडी बिडीच्या वसाहतीत सहा वर्षं काय केलंस? म्हणाला, काही विशेष नाही, निर्वासितांच्या समितीचा सचिव होतो. म्हणजे काय करायचास? इतिवृत्त लिहायचो. नळावर बायकांची भांडणं व्हायची, मग आम्ही घरांचे क्रम लावून दिले. पाळी मोडली की लिहून ठेवायचं. लिहायला लागल्यावर भांडणं कमी झाली.

हे त्याला सांगण्यासारखं वाटलं नव्हतं! आम्ही मगर काढली आणि नळ घातला. पहिल्या वर्षी अर्ज नापास. माझ्यामुळेच असं मला वाटत राहिलं, मगरीने कदाचित काम केलं असतं. दुसऱ्या वर्षी त्याच नळावर त्याला युगांडाच्या राजधानीत, कंपालात प्रवेश आणि पैसे दोन्ही मिळाले.

"आणि शिकून परत जातात का?" हा तुमचा दुसरा प्रश्न असतोच. काही जातात. काही नैरोबीत राहतात, आणि मी त्यांना दोष देत नाही. 2024 च्या फेब्रुवारीत सुदानमधल्या युद्धात तेलाची पाइपलाइन फुटली. या देशाचा जवळजवळ सगळा महसूल तेलाचा, आणि त्यातलं बरंचसं तेल जायचं त्याच पाइपलाइनने. सरकारी नोकरांचे पगार आधीच अडत होते, मग महिनोन् महिने झालेच नाहीत. एवढं शिकून बोमाच्या कचेरीत बिनपगारी बसा, असं मी कोणत्या तोंडाने सांगू? स्वयंसेवी संस्थांतल्या नोकऱ्या होत्या, त्यातल्या कितीतरी अमेरिकेने 2025 मध्ये मदत आखडल्यावर गेल्या. वर भीती आहेच. तिथल्या राष्ट्रीय सुरक्षा विभागाला वॉरंटशिवाय अटक करता येते. म्हणून मी मुलांना सुचवते, दोन अभ्यासक्रमांत निवड असेल तर पदवीवर 'लोकप्रशासन' असलेला घ्या. विषय तेच, विमानतळावर प्रश्न कमी.

माझं खरं भांडण इथे आहे. शिष्यवृत्ती फी देते, तिकीट देते, आणि पदवीदानाच्या दिवशी फोटो काढून संपते. त्याऐवजी एक मुलगा कमी घ्या आणि उरलेल्यांना परतल्यावर दोन वर्षं साधा पगार द्या, कारकुनाचा. ज्यांना ज्यांना लिहिता आलं त्यांना मी हे लिहिलं. दोन ठिकाणांहून आभाराची पत्रं आली.

नोंदवही बघणारी मुलगी सध्या जुबात आहे. एका वकिलाकडे काम करते, विधवांचे जागेचे अर्ज लिहून देते, पैसे कधी मिळतात कधी नाही. बोमाची वही अजून झालेली नाही. जुबा आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, त्यामुळे तिचा फोन माझ्या झोपायच्या वेळी येतो. काल तिने तिच्या मामेभावाचा अर्ज पाठवलाय, शिफारसपत्र उद्या द्यायचंय. फॉर्मवर तोच रकाना : नेतृत्वगुण, पाचपैकी किती? पाच लिहावेच लागतात, नाहीतर अर्ज बाजूला पडतो. पाच लिहिते. खाली चार ओळींची मोकळी जागा आहे, तिथे तो रेशनची यादी कशी ठेवायचा ते लिहायचंय. त्या यादीचे दोन फोटो तिने पाठवलेत, अक्षर सुरेख आहे.