बाईंनी शिकवलेला वंशवृक्ष

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहून पाठवावेत, असे समितीचे पत्र आले आणि शाळेविषयी लिहायचे म्हणजे जीवशास्त्राच्या बाईंविषयीच लिहायचे, हे माझ्यापुरते तेव्हाच ठरून गेले. मैदान, स्नेहसंमेलन, सहली यांवर वर्गमित्रांनी लिहिले असेलच. मला जे मिळाले ते प्रयोगशाळेतील काचेच्या कपाटासमोर मिळाले. आज मी सह्याद्रीतील पालींच्या जाती आणि त्यांची परस्परांतील नाती यांवर संशोधन करतो. त्या संशोधनाच्या मुळाशी जो प्रश्न आहे, तो बाईंनी आम्हाला नववीतच घातला होता.

वर्गीकरण हा धडा बहुतेक ठिकाणी पाठांतराचा समजला जातो. संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती ही उतरंड घोकायची, प्रत्येक गटाची चार लक्षणे लिहायची आणि गुण मिळवायचे. बाई मात्र पहिल्याच तासाला, सजीवांच्या वर्गीकरणाची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसपाशी थांबल्या. त्याने १७५८ साली देवमाशाला माशांतून काढून सस्तन प्राण्यांत घातले, हे सांगून त्यांनी विचारले की, असे गट मुळात जुळतातच का? लिनियसला ते गट दिसले होते, परंतु त्यांचे कारण १८५९ साली डार्विनने दिले: एका गटातील प्राणी सारखे असतात, कारण ते एकाच पूर्वजाचे वंशज असतात. तेव्हा सारखेपणा हा केवळ पुरावा आहे, शोधायचे ते नाते, हे वाक्य बाईंनी फळ्यावर लिहून वर्षभर पुसू दिले नाही.

एक प्रसंग मात्र तपशिलाने सांगायलाच हवा. एके सकाळी बाईंनी शिपाईकाकांकरवी बाजारातून कोळंबी मागवली आणि मेणाच्या ट्रेमध्ये ती कोळंबी, एक झुरळ आणि एक मोठा कोळी असे शेजारी शेजारी मांडले. पुस्तकात हे तिन्ही संधिपाद संघातील, पण तीन निरनिराळ्या वर्गांतील. त्यांतले कोणते दोन एकमेकांच्या अधिक जवळचे, याविषयी पुस्तकात अवाक्षर नव्हते. झुरळ आणि कोळी घरातले, तेव्हा तेच एकत्र, असा बहुतेकांचा कौल पडला. बाईंनी भिंग हाती दिले. कोळंबीला मिशांच्या दोन जोड्या होत्या, झुरळाला एक, कोळ्याला एकही नव्हती. कोळंबी आणि झुरळ या दोघांना अनेक बारीक डोळ्यांचे मिळून झालेले संयुक्त नेत्र आणि चावणारा जबडा होता, तर कोळ्याचे डोळे साधे आणि तोंडाशी विषाच्या नांग्या. समुद्रातली कोळंबी आणि मोरीतले झुरळ एका बाजूला गेले आणि कोळी वेगळा पडला, तेव्हा वर्गात जो गलका झाला तो शेजारच्या वर्गापर्यंत पोहोचला. बाईंनी लगेच बजावले की हा कौल या ट्रेपुरता आहे, आणखी पुरावा आला तर तो बदलू शकतो.

सारखेपणातही भेद असतो, हे त्यांनी बोटांवरून शिकवले. माणसाच्या हाताला पाच बोटे, पालीच्या पायाला पाच, घोड्याच्या पायाला एकच. मग माणूस घोड्यापेक्षा पालीच्या जवळचा का म्हणू नये? कारण पाच बोटे ही तिघांच्याही पूर्वजांपासून चालत आलेली जुनी ठेव आहे आणि घोड्याच्या वंशात ती पुढे कमी झाली. सगळ्या भाऊबंदांचे आडनाव एकच असते, त्यावरून सख्खा कोण आणि चुलत कोण हे कळत नाही, असे त्या म्हणत. केस आणि दूध ही लक्षणे सस्तन प्राण्यांच्या शाखेत नव्याने आली, म्हणून त्यांच्या आधारे माणूस आणि घोडा एकत्र येतात. विली हेनिग या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने १९५० साली हीच पद्धत काटेकोरपणे मांडली होती, हे मला पुढे एम.एस्सी.ला कळले, तोवर ती मला बाईंचीच वाटत होती.

सरीसृपांचे हृदय तीन कप्प्यांचे, अपवाद मगर, हे वाक्यही त्यांनी आम्हाला पाठ करू दिले नाही. मगरीच्या हृदयाला पक्ष्यांप्रमाणे चार कप्पे असतात, कारण आज हयात असलेल्या प्राण्यांत पक्षी हेच मगरीचे सर्वांत जवळचे नातलग आहेत. मगर पक्ष्यांच्या जितकी जवळ आहे, तितकी पालीच्या नाही. पक्षी तर डायनोसॉरच्याच वंशातले. तरीही शालेय पुस्तकांत सरीसृप आणि पक्षी असे दोन वेगळे वर्ग आजही छापले जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता आम्ही पालीच्या शेपटीचा कणभर तुकडा घेऊन त्यातील डीएनए वेगळा करतो, ठराविक जनुकांतील क्रम वाचतो आणि अनेक जातींचे क्रम एकाखाली एक लावतो. नात्याने दूरची एखादी जाती तुलनेला घेतली की कोणता बदल जुना आणि कोणता नवा, हे ठरवता येते. दिसायला एकसारख्या पाली यातून वेगवेगळ्या जातींच्या ठरतात. साप ही सरड्या-पालींच्याच वंशातली एक शाखा असून सरडा हा पालीपेक्षा सापाचा जवळचा नातलग आहे, असेही डीएनए सांगते. हे ऐकून आजचे विद्यार्थी चकित होतात, पण त्यांतल्या अनेकांनी बारावीपर्यंत एकही प्राणी भिंगाखाली पाहिलेला नसतो. पर्यायी उत्तरांच्या सरावात प्रात्यक्षिकाचा तास कुठल्या कुठे गेला आहे.

कीटक ही कोळंबीसारख्या कवचधारी प्राण्यांच्याच वंशातून फुटलेली शाखा आहे, हे अनेक जनुकांच्या अभ्यासातून भक्कमपणे पुढे आले, तेव्हा मी बाईंना पत्र लिहून कळवले की ट्रेमधला कौल टिकला. उलटटपाली त्यांचे पोस्टकार्ड आले. त्यात अभिनंदनाची एक ओळ होती आणि खाली प्रश्न होता, ‘मग गोमेचे काय?’ गोमेलाही मिशा आहेत, चावणारा जबडा आहे आणि एके काळी तीच कीटकांची सख्खी मानली जात होती. परंतु कोळंबी आणि झुरळ यांचे वंश एकमेकांपासून वेगळे होण्याआधीच गोमेची शाखा फुटली होती, असे उत्तर मी त्यांना आकृतीसह लिहून पाठवले.