आखाजीचा करार आणि आरशासमोरचे वाक्य

खानदेशात वर्ष तीनदा सुरू होते. कॅलेंडरचे जानेवारीत, पंचांगाचे गुढीपाडव्याला आणि शेतीच्या कामाचे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. माझे संकल्प आजवर जानेवारीतच होत आले आणि संक्रांतीचा तिळगूळ संपण्याआधी संपत आले. पूजेत संकल्प ‘सोडतात’ म्हणजे तो करतात. मी तो अक्षरशः सोडत आलो.

गेल्या वर्षी जानेवारीत रक्ततपासणी झाली, तेव्हा तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा 8.2 आला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज चालायला सांगितले. भाच्याने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला, त्यात सकाळी आरशासमोर उभे राहून एकवीस दिवस एकच वाक्य म्हणायला सांगितले होते. माझे वाक्य होते, ‘मी पूर्ण निरोगी आहे.’ मी ते एकवीस नव्हे, जवळजवळ नव्वद दिवस म्हटले. अडचण अशी की प्रत्येक वेळी आरशातला माणूस मला आदल्या दिवशीच्या जिलबीची आठवण करून देत असे. शिवाय वाक्य म्हणून झाले की काहीतरी केल्याचे समाधान मिळे, आणि चालायला जाणे त्या समाधानात विरून जाई. एप्रिलच्या तपासणीत आकडा 8.4 झाला होता.

त्या रागातच मी या स्वयंसूचनेचे मूळ शोधू लागलो. एमिल कुए (1857–1926) हा फ्रान्समधला औषधविक्रेता होता. ‘दिवसेंदिवस, सर्व बाजूंनी, मी अधिकाधिक बरा होत आहे’ अशा अर्थाचे वाक्य रोज सकाळी उठताना आणि रात्री झोपताना वीस वीस वेळा पुटपुटावे, असे तो लोकांना सांगे. मोजण्यासाठी वीस गाठींची दोरी वापरावी, असेही सुचवी. आपल्याकडची जपमाळच म्हणायची. मात्र त्याच्या वाक्यात ‘बरा आहे’ नसून ‘बरा होत आहे’ असे होते, हा बारकावा मला महत्त्वाचा वाटतो. 2009 साली जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडात केलेल्या प्रयोगात असे दिसले की ज्यांना स्वतःविषयी आधीच फारसे बरे वाटत नाही, अशा लोकांनी ‘मी प्रेम करण्याजोगा माणूस आहे’ हे वाक्य घोकल्यावर त्यांना अधिकच वाईट वाटले. मन पुरावा मागते आणि पुरावा नसेल तर उलट बाजूने साक्ष देते, असा मी त्याचा अर्थ लावला. माझ्या जिलबीने नेमके तेच केले होते.

एप्रिल संपता संपता आखाजी आली. लहानपणी आमच्या गावाकडच्या ओसरीवर आखाजीला आजोबा सालदाराशी, म्हणजे वर्षाच्या करारावर ठेवलेल्या शेतगड्याशी, साल ठरवत, ते मला चांगले आठवते. रक्कम किती, उचल किती, ज्वारी किती, कपड्यांचे जोड किती, पायताण कधी, आणि वर्षात खाडे, म्हणजे गैरहजेरीचे दिवस, किती चालतील, हे सगळे चार माणसांच्या समोर बोलले जाई. सालदारकीचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. उचल घेतलेल्या माणसाला त्या बोलण्यात फारसा आवाज नसे, आणि हे आजोबांच्या नातवाने कबूल केले पाहिजे. पण बोलण्याची ती रीत माझ्या मनात राहिली. ‘यंदा शेती उत्तम होईल’ असे तिथे कोणी घोकत नसे. पहाटे बैलांना वैरण कोणी टाकायची, एवढेच ठरत असे.

म्हणून त्या आखाजीला, सांजोरी हे सणाचे गोड पक्वान्न खाऊन झाल्यावर (ती खाल्ली, हे लपवत नाही), मी स्वतःलाच सालावर ठेवले. पत्नी आणि मुलगी साक्षीदार होत्या. वहीच्या पानावर लिहिले: सकाळचा चहा संपला की कप मोरीत ठेवून लगेच बूट घालायचे, बोरी नदीच्या पुलापर्यंत जाऊन परत यायचे, महिन्याला चार खाडे माफ, पाचव्याची भरपाई रविवारी संध्याकाळी. साखरेचा आकडा करारात लिहिला नाही, कारण तो माझ्या हातात नाही, बूट आहेत. ‘अमुक घडले की तमुक करायचे’ असा ठराव केला तर काम तडीस जाण्याची शक्यता वाढते, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी बऱ्याच अभ्यासांतून दाखवले आहे. माझ्यापुरता तो ठराव चहाच्या कपाला बांधला गेला.

एकवीस दिवसांचा हिशेबही तपासला. मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने 1960 साली लिहिले होते की रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एकवीस दिवस लागतात. त्यातला ‘किमान’ पुढे गळाला आणि चेहराही गळाला. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी 96 जणांच्या सवयींचा अभ्यास करून 2010 साली प्रसिद्ध केला, त्यात सवय अंगवळणी पडायला 18 पासून 254 दिवसांपर्यंतचा काळ निघाला आणि मधला आकडा 66 होता. एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही, हेही त्यात दिसले. खाड्यांची सोय ठेवणाऱ्यांना हे आधीच माहीत असावे.

रोजचे वाक्य मी सोडले नाही, बदलले. शुद्ध मराठीत ‘मी’ म्हणून केलेले विधान मला भाषणासारखे वाटत होते, म्हणून घरच्या अहिराणीत स्वतःला सांगू लागलो, ‘ऊठ भाऊ, तुले चालनं शे,’ म्हणजे तुला चालायचे आहे. यात मी निरोगी असल्याचा दावा नाही, त्यामुळे खोडून काढण्याजोगे काही नाही. शिवाय ते आईच्या आवाजात ऐकू येते. शाळेत परिपाठाला म्हटल्या जाणाऱ्या श्लोकांतही मनाला हाक मारूनच समजावलेले असे. स्वतःशी ‘मी’ऐवजी ‘तू’ म्हणून किंवा नावाने बोलणाऱ्यांना ताणाच्या प्रसंगी स्वतःला सावरणे सोपे जाते, असे मिशिगन विद्यापीठातील ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 2014 च्या अभ्यासात आढळले, तेव्हा मला त्याचे फारसे आश्चर्य वाटले नाही.

मे महिन्यात सकाळी सातनंतर अमळनेरात चालणे ही शिक्षा असते, त्यामुळे चहा साडेपाचला आला. जूनमध्ये सहा खाडे झाले, जुलैत पावसामुळे सात, आणि रविवारच्या संध्याकाळी त्यांची भरपाई करताना पत्नी दारात वही घेऊन उभी राहत असे. ऑगस्टमध्ये आकडा 7.6 आला, डिसेंबरमध्ये 7.1. त्यात गोळ्यांचा वाटा किती आणि पुलाचा किती, हे मी डॉक्टरांना विचारले. ते हसले आणि म्हणाले, दोन्ही चालू ठेवा. पुढच्या आखाजीचा करार आता मुलगी लिहिणार आहे, आणि माफ खाडे चारांवरून तीनवर आणण्याचा तिचा आग्रह आहे. मी उचल म्हणून एक सांजोरी जास्त मागितली आहे. त्यावर अजून बोलणी चालू आहेत.