उंबराखालच्या पंगती : दाजीपूरच्या मचाणावर चोवीस तास

कोल्हापूर जिल्ह्यातल्या दाजीपूरच्या जंगलात याआधी मी तीनदा गेले होते. तिन्ही वेळा परत आल्यावर घरच्यांनी एकच विचारलं, "गवा दिसला का?" शेवटच्या खेपेला दिसलाही होता. पण आमच्या जीपवाल्यानं कळपाच्या इतक्या जवळ गाडी नेली की चरणाऱ्या गव्यांनी माना वर केल्या, दोन फुरफुराट झाले आणि अख्खा कळप गर्द रानात शिरला. आम्हाला फोटो मिळाला, त्यांचा मात्र चरणीचा वेळ गेला. ती रुखरुख बरेच दिवस राहिली. यंदा ठरवलं की गाडीतून हिंडायचं नाही, एका जागी बसायचं. बुद्ध पौर्णिमेला वनखातं पाणवठ्यांवरच्या मचाणांवर हौशी लोकांना बसू देतं. त्यासाठी मी आणि भाच्यानं नावं नोंदवली.

जायचं असेल तर आधी एवढं करा. पौर्णिमेच्या दोन-तीन आठवडे आधीपासून वन्यजीव विभागाकडे चौकशी करत राहा. मचाणं मोजकी असतात आणि नावं लवकर भरतात. ओळखपत्र जवळ ठेवा. कोल्हापुरातून हळदी, परिते, राधानगरी असा रस्ता आहे. राधानगरीपर्यंत साधारण पन्नास-पंचावन्न किलोमीटर, पुढे दाजीपूर धरून ऐंशीच्या आसपास. राधानगरीला एसटी भरपूर आहेत, पुढे कमी, म्हणून मुक्कामाचं आणि पुढच्या गाडीचं आधीच ठरवून निघा. पेट्रोल राधानगरीतच भरून घ्या. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं. ते उघडतं दिवाळीच्या सुमारास, पण खाण्यापिण्याचा सगळा कारभार बघायचा असेल तर एप्रिल-मेच बरा. पाणी थोड्याच ठिकाणी उरलेलं असतं आणि करवंद, जांभूळ, उंबर पिकायला लागलेले असतात.

या जंगलाची ओळख थोडक्यात सांगायची तर ही कोल्हापूर संस्थानची शिकारीची राखीव जागा. 1958 मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झालं. आज त्याचं क्षेत्र 351 चौरस किलोमीटर आहे आणि 2012 पासून ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे. एका बाजूला शाहू महाराजांच्या राधानगरी धरणाचं पाणी, दुसऱ्या बाजूला काळम्मावाडीचं, आणि मध्ये अंजनी, जांभूळ, हिरडा, ऐन यांचं रान. त्यातच सडे, म्हणजे जांभ्याची उघडी पठारं.

आमचं मचाण एका आटत चाललेल्या डबक्यावर होतं आणि डबक्याच्या काठाला एक उंबर होता. खोडापासून फांदीपर्यंत लालबुंद लगडलेला. सोबतीला गावातलेच एक वाटाडे मामा होते. वर चढायच्या आधी त्यांनी झाडाला हात लावला, खाली पडलेलं एक फळ फोडून बघितलं आणि म्हणाले, "ताई, आज उंबर पिकलाय. आज कुठं हिंडायचं काम न्हाई. सगळी हितंच येत्यात."

आणि खरंच सगळी आली, पण एकदम नाही. पंगती बसाव्यात तशी आली.

दुपारी चारला वरच्या शेंड्यावर राखी धनेशाची जोडी होती. नर चोचीच्या टोकात एक उंबर पकडायचा, मान मागे टाकून हवेत उडवायचा आणि थेट घशात. फळ अख्खं पोटात. त्याच फांदीवर सात-आठ हरियाल, म्हणजे हिरवी कबुतरं, पानांत मिसळून बसले होते, हलले की कळायचे. बराच वेळ मला वाटत होतं की दोघंही एकच खातायत, मग भांडण का नाही? दुर्बिणीतून बघताना हळूहळू उलगडलं. धनेश जाड फांद्यांवर बसून लांब चोचीनं दूरची मोठी फळं तोडत होते. हरियाल वजनानं हलके, त्यामुळे बारीक डहाळीच्या टोकाला उलटे लोंबकळून तिथली फळं घेत होते. पुढचा फरक तर डोळ्यांना दिसतही नाही. हरियालाच्या पोटातली पेषणी, म्हणजे खाणं दळणारी पिशवी, उंबराच्या बारीक बिया भरडून टाकते. धनेशाच्या पोटातून त्याच बिया साबूत बाहेर पडतात, कुठंतरी लांब, एखाद्या दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात. फळ एकच, पण एकानं त्याचं पीठ केलं आणि दुसऱ्यानं रोप.

शेकरू आलं ते मधल्या मजल्यावर. मागचे पाय फांदीला घट्ट, शेपूट खाली सोडलेली, आणि पुढच्या दोन पंजांत फळ फिरवत फिरवत कुरतडणं. निम्मंअधिक खाली पडत होतं. त्याच्या पलीकडे वानरांची टोळी होती, पण तिला पिकल्या उंबराइतकाच शेजारच्या झाडाच्या पानांत रस. वानराचं पोट कप्प्याकप्प्यांचं असतं, त्यात पानं आंबवून जिरवता येतात. माकडाला ते जमत नाही. त्याला फळं, किडे, कोंब हवेत, आणि ती भराभर कोंबायला गालांत पिशव्या आहेत. तासाभरानं माकडं आली तेव्हा वानरं बाजूला सरकली. थोडं दात विचकणं झालं, पण मारामारी नाही.

इथे एक सांगते. दुर्बीण आणा, आठ पट पुरते. कॅमेऱ्याची मोठी नळी नसली तरी चालेल. फोटोच्या नादात चोच कुठं जाते ते निसटतं.

सूर्य टेकला आणि पहिली खालची पंगत बसली. कारवीच्या आडून भेकर आलं, छोट्या चणीचं हरीण. मी आयुष्यात पहिल्यांदाच एक जनावर पाच मिनिटं सलग जेवताना बघितलं. ते एकेका पडलेल्या फळाजवळ जायचं, नाक लावायचं, तीन सोडायचं, चौथं उचलायचं. शेकरानं अर्धवट टाकलेली, वानरांनी पाडलेली, सगळी नीट तपासून. मधूनच एका झुडपाचा फक्त कोवळा शेंडा खुडला, खालच्या जून पानांना शिवलंही नाही. मामा माझ्या कानाशी म्हणाले, "भेकराचं तोंड म्हंजी चिमटा. आता गवं येऊ द्यात, त्यांचं तोंड म्हंजी इळा."

आठच्या सुमाराला विळे आले. अकरा गवे, त्यांत दोन वासरं, चांदण्यात पायातले पांढरे मोजे तेवढे आधी दिसले. उंबराखाली आले, पाणी प्यायले, वाटेत आलेली फळंही ओठांनी उचलली, पण त्यांचं खरं जेवण डबक्याच्या वरच्या अंगाला होतं. चार दिवसांपूर्वी वळीव पडून गेला होता आणि सड्याच्या कडेला कोवळं गवत फुटलं होतं. जीभ बाहेर, गवताला वेटोळं, आणि एक हिसका. टर्रर्र असा आवाज रात्रीच्या शांततेत मचाणापर्यंत येत होता. मोठा नर सातशे किलोच्या पुढे, कधी हजाराच्या घरात जातो. एवढं धूड निवडून निवडून शेंडे खात बसलं तर उपाशी मरेल. त्याला भरपूर लागतं, पण ते जून, चोथट असलं तरी चालतं, कारण त्या प्रचंड पोटात चारा सावकाश आंबतो. भेकर वीसेक किलोचं. त्याला थोडंच लागतं, पण छोट्या अंगाची भट्टी किलोमागे जास्त तापते आणि पोट लहान, म्हणून जे खाईल ते सकस आणि लवकर जिरणारं हवं. सांबर या दोघांच्या मध्ये, गवतही खातं आणि झाडपालाही. आणि सगळ्यांत खाली पिसोरी, हरणासारखं इवलं जनावर, तीन-चार किलोची, सशाहून थोडी मोठी. ती मध्यरात्रीनंतर आली. मला फक्त ठिपक्यांची हलती रेघ दिसली. भाच्याला मात्र ती फळ चघळताना दिसली. त्याचे डोळे तरुण आहेत.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. गॉस या रशियन शास्त्रज्ञाचा 1934 चा प्रयोग दरवर्षी फळ्यावर काढते. एका नळीत दोन जातींचे पॅरामेशियम, म्हणजे पाण्यातले एकपेशी जीव, खाणं एकच. काही दिवसांत एक जात संपते. पण त्याच्या प्रयोगांचा पुढचा भाग आपण मुलांना क्वचित सांगतो. जोडीदार बदलला आणि त्यातला एक तळाशी बसलेलं यीस्ट खाऊ लागला, तेव्हा दोन्ही जाती जगल्या. त्या रात्री मचाणावर बसून मला तो तळ आणि तो वरचा थर समोर दिसत होता. शेंडा, मधली फांदी, जमीन. दुपार, तिन्हीसांजा, मध्यरात्र. अख्खं फळ, कुरतडलेलं फळ, पान, गवत. ही वाटणी प्रेमानं झालेली नाही. हजारो पिढ्या ज्यांचं ताट तंतोतंत एक होतं त्यांच्यात झीज झाली, आणि ज्यांनी थोडं वेगळं खाल्लं त्यांची पिल्लं टिकली.

उंबराबद्दलही लिहायला हवं. कुणी फार दिवसांनी भेटलं की आपण म्हणतो, "उंबराचं फूल झालास की!" पण उंबराला फुलं येतात, फळाच्या आतच. ज्यांना आपण केंबरं म्हणतो त्यांतले इवले गांधीलमाशीचे भाऊबंद आत शिरून परागीकरण करतात. त्या किड्यांचं कुळ चालू राहायचं तर जंगलात कुठल्या ना कुठल्या उंबरावर फळ असावंच लागतं. म्हणून सगळे उंबर एकदम पिकत नाहीत, आणि म्हणूनच बाकी रान रिकामं असतं तेव्हाही एखादा उंबर जेवण वाढत असतो. तुम्ही दिवसा सफारीला गेलात तरी वाटाड्याला "गवा कुठं दिसेल?" याऐवजी "पिकलेला उंबर कुठं आहे?" असं विचारा. तिथं गाडी थांबवून इंजिन बंद करा आणि अर्धा तास गप्प बसा.

साडेतीनला भेकर भुंकलं. एकदा, दोनदा, मग सलग. उंबराखालचं साळिंदर काटे सळसळवत निघून गेलं. मामांनी नुसता हात वर केला. बिबट्या आम्हाला दिसला नाही, पण पहाटे डबक्याच्या चिखलात त्याचा ठसा होता, ताजा, कडा न ढासळलेला. उजाडल्यावर वनरक्षकासोबत परतताना रस्त्याच्या तिठ्यावर मामांनी विष्ठेचे ढीग दाखवले. एकाच जागी पुष्कळ, केसांनी भरलेले. कोळसुंद्यांचे. ही रानकुत्री तिठ्यांवर सगळी मिळून अशी खूण ठेवतात.

बिबट्या आणि कोळसुंदे दोघांनाही भेकर, सांबराची पिल्लं, डुक्कर चालतं. मग जमतं कसं? बिबट्या एकटा, रात्रीचा, दबा धरून मारणारा, झाडावर चढून वानरालाही धरणारा. कोळसुंदे टोळीनं, उजेडी, पळवून दमवणारे. कर्नाटकातल्या नागरहोळेत कारंत आणि सनक्विस्ट या संशोधकांनी वाघ, बिबट्या आणि कोळसुंदे या तिन्ही मोठ्या शिकाऱ्यांच्या भक्ष्यांचा अभ्यास केला, तो 1995 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथं वाघाच्या भक्ष्याचं सरासरी वजन 91.5 किलो निघालं, कोळसुंद्यांचं 43.4 आणि बिबट्याचं 37.6. वाघ मोठ्या ताटावर बसतो, गवा त्यात आला. बाकीच्या दोघांची ताटं जवळपास सारखी, म्हणून तिथं वेळ आणि पद्धत कामाला येते. अर्थात जंगलात भक्ष्य भरपूर असेल तरच. भेकरं, सांबरं कमी झाली की बिबट्या गावातल्या कुत्र्यांवर आणि शेळ्यांवर येतो.

परतीच्या वाटेवर मला सगळ्यात जास्त काय टोचलं असेल तर रानमोडी आणि घाणेरी. वाटेच्या दोन्ही बाजूंना, सड्याच्या कडांवर, जिथं गवत असायला हवं तिथं हे परके झुडूप माजलंय. गवा ते खात नाही, सांबर खात नाही. त्यात गावांची गुरंही त्याच गवतावर. पंगत कितीही शिस्तीची असली तरी पानातच काही उरलं नाही तर माणूससुद्धा उठून दुसरीकडे जातो, गवा उसात जातो. भुदरगड, राधानगरीच्या शेतकऱ्याचं रात्रभर राखण करणं आणि गव्याचं कोल्हापूरच्या वेशीपर्यंत येणं, या दोन्हींचा धागा या झुडपापाशी येऊन लागतो असं माझं ठाम मत आहे. शेतकऱ्याला दोष देऊन काही होणार नाही. त्याच्या नुकसानीची भरपाई वेळेत मिळायला हवी आणि सड्यांवरची रानमोडी फुलायच्या आत उपटली जायला हवी.

मचाणावर जाणाऱ्यांसाठी राहिलेलं सांगते. कपडे मातकट किंवा हिरवे, पांढरं अजिबात नको. अत्तर, वासाचं तेल, डासांचं मलम काहीच लावू नका, पूर्ण बाह्या घाला. खाण्याला दशम्या, गूळ, शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू. लसणाचा खर्डा घरी ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशव्या चुरचुरतात, दशम्या सुती फडक्यात बांधा. पाणी माणशी चार लिटर. मे महिना असला तरी पहाटे तीननंतर घाटमाथ्यावर गारठा पडतो, चादर हवीच. मोबाइल बंद ठेवा, नाहीतरी रेंज नसते. बॅटरीला लाल कागद लावा आणि जनावर समोर असताना तीही पेटवू नका. उंबराची फळं गोळा करू नका, एकही नाही. आणि चोवीस तास खाली उतरता येत नाही हे घरूनच मनाशी पक्कं करून या. वयस्कर माणसांना आणि लहान मुलांना आणू नका.

नोंदींसाठी आम्हाला दिलेल्या कागदावर प्राण्याचं नाव, संख्या आणि वेळ एवढेच रकाने होते. भाच्यानं रात्री पेन्सिलीनं चौथा रकाना आखला, 'काय खाल्लं'. तुम्हीही वही नेलीत तर तो आखून न्या. त्याच्या कागदावरची शेवटची नोंद सकाळी सहा दहाची आहे, मचाणाखालच्या दगडावरची. उदमांजर, दिसलं नाही, विष्ठा ताजी. करवंदाच्या बिया, जांभळाची एक आणि उंबराच्या असंख्य, सगळ्या साबूत.